मंगळवारचा बॉल

लँकेशायरच्या कोळसाखाणीच्या गावात मंगळवारच्या सरावाला नुकताच प्रशिक्षक झालेल्या एनकनं कोटाखालून फुटबॉल काढला, आणि मैदानाला फेऱ्या मारणारे खेळाडू जागीच थबकले. सरावात नुसतं धावायचं, बॉल शनिवारी सामन्यातच, ही तिथली जुनी रीत. “वेड लागलं का रे, एनक?” क्लबचे अध्यक्ष कडाडले. “आठवडाभर उपाशी ठेवलं, तरच पोरं शनिवारी बॉलवर तुटून पडतात!” एनकला स्वतः खेळलेला १९०९चा अंतिम सामना आठवला. गोल मोकळा, बॉल पायाशी, आणि अधाशासारखी लाथ घालून त्यानं तो प्रेक्षकांत उडवला होता. “मीही उपाशीच खेळलो, साहेब. भुकेला माणूस चवीनं खात नाही, बकाबका गिळतो.” “नोकरी जाईल तुझी!” “शनिवारी हरलो तर खुशाल काढा.” एनकनं दुखरा गुडघा टेकून बॉल गवतावर ठेवला आणि पोरांना हाक मारली, “चला रे, जेवायला बसा!”