हललेलं चित्र

"काका, श्वास सुटला, पुन्हा हललात," तंत्रज्ञ माइकमध्ये म्हणाला. काचेपलीकडे, यंत्राच्या बोगद्यातून मास्तरांच्या पायांचे तळवे तेवढे दिसत होते. चित्र याही वेळी धूसर आलं होतं.

त्यांच्या मुलीला हे कळेना. मास्तरांनी उभी हयात लोकांना पोहायला शिकवण्यात घालवली. पाण्याखाली त्यांच्याइतका वेळ श्वास रोखणारा माणूस तिने पाहिला नव्हता. छातीत साठलेलं पाणी काढल्यापासून त्यांना धापही लागत नव्हती. सकाळीच तिने सराव करून घेतला, तर दूध उतू गेलं तरी म्हाताऱ्याने श्वास सोडला नाही. वर विचारलं, "मासोळे, रिपोर्ट येईपर्यंत आहेस ना तू?"

"म्हणून तर आलेय, बाबा."

फुप्फुसाचं अस्तर जाड झालं होतं. जुन्या दुखण्याचा व्रण, की कॅन्सर? सुईने काढलेल्या तुकड्यातून उलगडा झाला नव्हता. "एमआरआयमध्ये कॅन्सर असला तर तेवढा भाग बहुधा उजळ दिसतो," डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या. "पण चित्र स्थिर हवं." गेल्या आठवड्यात ते हललं. आजही हललं. मधल्या दिवसांत मुलगी वडिलांच्या खोलीत गादी टाकून झोपत होती, त्यांची पाठ चोळून देत होती आणि परतीचं तिकीट पुढे ढकलत होती.

तिने माइक ओढून घेतला.

"बाबा, पुरे झालं आता. मलाही घर आहे, नोकरी आहे. काय असेल ते असो, एकदाचं कळू दे आणि मला मोकळं करा."

पुढच्या खेपेला मास्तरांनी असा श्वास रोखला, की तंत्रज्ञाने "सोडा" म्हटल्यावरही तळवे जरासुद्धा हलले नाहीत.

चित्र लख्ख आलं.

संध्याकाळी डॉक्टरबाईंनी मास्तरांना आत बोलावलं तेव्हा मुलगी व्हरांड्यात फोनवर होती. उद्याचं तिकीट मिळालं. ती दाराशी परतली, तर पडद्याआडून बाईंचा हसरा आवाज आला.

"सुटलात, मास्तर. जुना व्रण आहे. कॅन्सर नाही."

मुलीने भिंतीला टेकून डोळे पुसले. आत मास्तरांनी अगदी हलक्या आवाजात विचारलं,

"हे तिला आजच सांगायला हवं का?"