तुर्थास

"इंजिन आणा आणि मंजुरी घेऊन जा. त्याशिवाय तुर्थास काही होणार नाही," स्पर्धेच्या समितीचे अध्यक्ष म्हणाले आणि त्यांनी फाइल मिटली.

ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मोटार शर्यतींतल्या सगळ्यात वरच्या स्पर्धेत उतरायला तिचा संघ तीन वर्षं धडपडत होता. गाडीचा सांगाडा तयार होता. टकरीच्या चाचणीत तो पहिल्या फटक्यात पास झाला होता. चाकं बदलणारी माणसं डोळे मिटूनसुद्धा चाकं बदलत होती. नव्हतं ते फक्त इंजिन. नियमात बसणारं इंजिन एकच कंपनी बनवायची, आणि त्या कंपनीचं पत्र ताईच्या पर्समध्ये होतं: आधी समितीची मंजुरी आणा, मग इंजिन घेऊन जा.

"साहेब, कंपनी मंजुरी मागते, तुम्ही इंजिन मागता. मी आधी काय आणू, तेवढं सांगा."

"तो तुमचा प्रश्न आहे. सोमवारी यादी बंद होते."

टेबलाभोवती दहा जुन्या संघांचे दहा मालक मूग गिळून बसले होते. एकालाही वाटलं नाही, की हा अन्याय आहे. किंवा वाटलं असेल, पण चहा गार होत होता.

कारखान्यात बेचाळीस माणसं वाट बघत होती. मिस्त्रींनी इंजिनाच्या मापाचा एक लाकडी ठोकळा करून गाडीत बसवला होता, नळ्या आणि तारा जुळवून बघायला. सगळे त्याला जावईबापू म्हणायचे, कारण तो मानाच्या जागी बसायचा आणि काडीचं काम करायचा नाही. ताईचा चेहरा बघून मिस्त्रींनी जावईबापूंवर फडकं टाकलं. सोमवार हुकला, तर पुढची यादी पाच वर्षांनी उघडणार होती. तोवर यातलं कोण थांबणार, हे सगळ्यांनाच माहीत होतं.

घरी येऊन ताईनं पर्स आपटली, पत्र टेबलावर फेकलं आणि आईसमोर भडाभडा सगळं ओकलं. मग जरा शांत व्हावं म्हणून ती चहा करायला गेली. परत आली तर आईनं पत्रावर लाल पेनानं गोल काढला होता. आई पस्तीस वर्षं शाळेत शिकवून निवृत्त झालेली. वर्तमानपत्र असो की औषधाच्या बाटलीवरचा कागद, ती लाल पेनाशिवाय वाचायची नाही.

"आई! ते कंपनीचं पत्र आहे. वही नाही."

"मग त्यांना नीट लिहायला काय झालं? 'तुर्थास पुरवठा शक्य नाही.' अगं, तूर्तास असतं ते! हा थ कुठून आला? इतक्या वर्षांत असली चूक बघितली नाही मी. लिहून ठेव, हा माणूस बोलतोही असाच."

ताईनं कप खाली ठेवला. हाच शब्द तिनं आजच अध्यक्षांच्या तोंडून ऐकला होता. तिनं कपाटातून कंपनीची आधीची तीन पत्रं काढली. तिन्हींत तुर्थास. खाली सही कुणा व्यवस्थापकाची, ज्याचं तोंड आजवर कोणी पाहिलं नव्हतं आणि जो फोन केला की मीटिंगमध्ये असायचा. समितीची पत्रं मात्र स्वच्छ होती. ती कारकून लिहायचा. पण चोरून काही लिहायचं तर कारकुनाला कसं सांगणार?

समितीतल्या कुणाचाही इंजिनाच्या कंपनीशी संबंध नसावा, असा नियम होता. अध्यक्ष दरवर्षी तशी शपथ घ्यायचे. म्हणजे तीन वर्षं ताई या दारातून त्या दारात खेटे घालत होती, आणि दोन्ही दारांत एकच माणूस बसला होता. तिला रडू आलं, ते रागानं.

"पण एका अक्षरावर कोण विश्वास ठेवणार, आई?"

"दोन वह्यांत एकच चूक सापडली, की मी पोरांना काही विचारायची नाही. फळ्यापाशी उभं करून मोठ्यानं वाचायला लावायची."

सोमवारी ताई समितीसमोर वाद घालायला गेलीच नाही. तिनं लाल खूण नसलेलं एक पत्र सगळ्यात ज्येष्ठ मालकांपुढे ठेवलं. "कंपनीचं उत्तर आहे. जरा मोठ्यानं वाचता?"

"आपणांस कळविण्यात येते की, तुर्... तुर्था..." ते थांबले. "हे काय लिहिलंय?"

शेजारच्यानं चष्मा लावून पत्र ओढून घेतलं. "तीर्थास असेल. तीर्थास पुरवठा शक्य नाही!" दोघंतिघं हसले. तिसऱ्यानं कागद दूर धरून बघितला, जवळ धरून बघितला आणि पुढे सरकवला.

"पोरखेळ चाललाय का?" अध्यक्ष वैतागले. "आणा इकडे." त्यांनी पत्र घेतलं आणि एका दमात वाचून काढलं. "आपणांस कळविण्यात येते की, तुर्थास पुरवठा शक्य नाही. समितीच्या मंजुरीनंतर विचार करता येईल. झालं? आता बोला."

हसणाऱ्यांचं हसू विरलं. दहाच्या दहा मालक अध्यक्षांकडे बघत होते. आईचं लाल पेन ताईच्या मुठीत होतं, पण ते उघडायची वेळ आली नाही.

"अध्यक्ष," ज्येष्ठ मालक सावकाश म्हणाले, "या पत्रात तुम्हाला काहीच खटकलं नाही?"

अध्यक्षांनी पत्र पुन्हा एकदा वरपासून खालपर्यंत, काळजीपूर्वक वाचलं.

"खटकायचंय काय त्यात? शब्दन् शब्द बरोबर आहे."