संत रोकेचं तोंड

दरवर्षी मिरवणूक चौकात थांबली, की संत रोकेचं तोंड कुठल्या आळीकडे ठेवायचं यावरून वरची आळी आणि खालची आळी भांडायची. पुतळा आम्हा आठ जणांच्या खांद्यावर, म्हणून दोन्हीकडच्या शिव्या आम्हाला. यंदा जुन्या लाकडी संताला वाळवी लागली. सरपंच फेर्मिननं नाइलाजानं नवा पुतळा गावच्या एलाडियोकडून करून घेतला. एलाडियोची शिल्पं पॅरिसला पोचली आहेत, पण गावात अजून 'याला साधं नाक काढता येत नाही' असंच म्हणतात. त्याचं पहिलं शिल्प तर याच फेर्मिननं भंगारात घातलं होतं.

नवा संत म्हणजे वाकवलेले तीन लोखंडी पत्रे. ना नाक, ना डोळे. चौकात आम्ही थांबलो आणि सगळे त्याचं तोंड शोधू लागले. मग वरच्या आळीतल्या रेमेदिओस आजीनं छातीवर क्रूस काढला. "बघा, आमच्याकडंच बघतोय." खालच्या आळीतही बायका डोळे पुसत तेच म्हणत होत्या. पहिल्यांदाच भांडण झालं नाही.

फेर्मिन चौकावरच्या आपल्या बाल्कनीतून खाली आला आणि एलाडियोच्या कानाशी लागला. "मला तरी खरं सांग, लेका. तोंड नक्की कुठंय? माझ्या बाल्कनीकडंच ना?"

"तोंडाचं मलाही ठाऊक नाही," एलाडियो म्हणाला. "पाठ तेवढी मुद्दाम केलीय. ती कुठल्या बाजूला ठेवायची, ते या आठ जणांना सकाळीच सांगून ठेवलंय."