कारभाऱ्याची काठी

बाबांनी काठी जमिनीवर तीनदा आपटली. "चहा मांडला आहे हो!"

"बाबा, खालच्या मजल्यावरची बाई वर येईल."

"येऊ दे. तिलाही देऊ कपभर."

चारशे वर्षांपूर्वी जर्मनीतल्या एका लहानशा दरबारात जेवणाची वर्दी अशीच दिली जायची. ती देण्याचा मान कारभाऱ्याचा. इरावती लायडनच्या विद्यापीठात त्या कारभाऱ्यावर प्रबंध लिहीत होती. द हेगजवळच्या झूटरमेरला तिच्याकडे राहायला आल्यापासून बाबा रोज सकाळी त्याची खबरबात विचारत. पोरवयात तो राजाचे घोडे धुवायचा. पुढे पोशाखांवर आला, मग मुदपाकखान्यावर. "म्हणजे वरकमाईची जागा!" बाबा खूश झाले होते. काल तो अखेर साऱ्या दरबाराचा मुख्य झाला, हातात पांढरी काठी आली.

"आणि राजा मेला की?" बाबांनी बशीत चहा ओतला.

"मग कारभाऱ्याने ती काठी मोडायची आणि राजाच्या थडग्यात टाकायची. चाकरी संपली."

बाबांनी आपली शिसवी काठी मांडीवर घेतली. "तुझ्या कारभाऱ्यावर आली का गं ती वेळ? की तोच आधी सुटला?"

"संध्याकाळी सांगते. बस चुकेल माझी."

"तुझं नेहमीचंच. गोष्ट रंगात आली की बस!"

त्या दुपारी बाबा खुर्चीत बसल्या बसल्याच गेले.

द हेगच्या स्मशानगृहात पेटी बंद करण्याआधी तिथल्या बाईने हलक्या आवाजात विचारलं, "काठी सोबत ठेवायची आहे का?"

इरावतीने काठी घेतली. आडवी गुडघ्यावर धरली आणि दोन्ही हातांनी जोर लावला. काठी वाकलीसुद्धा नाही. बाई गोंधळून मदतीला पुढे झाली, तशी इरावतीने मान हलवली. पुन्हा जोर लावला. मग काठीवरचे आपल्या बोटांचे ठसे पदराने पुसले आणि ती तशीच, अख्खी, बाबांच्या हाताशी ठेवली.

ती खाली वाकली.

"बाबा, तू रोज विचारायचास ना, म्हणून मला लिहावंसं वाटायचं." हे ती कधीच बोलली नव्हती. "आणि हो, आली त्याच्यावर ती वेळ. राजा आधी गेला."