लोकरीचं दुसरं टोक

गोदामात नाटक चालायचं तेव्हा प्रेक्षक तिच्या गुडघ्याला गुडघा लावून बसायचे. नाटकात आईचं काम तीच करायची. शेवटी लोकरीचं टोक बोटाला बांधून गोळा एखाद्या प्रेक्षकाच्या हाती द्यायची. त्यानं धागा ओढला, की तिची अंगाई सुरू. आता हे हजार खुर्च्यांचं नाट्यगृह! “ताई, इथे गोळा नको. अंधारात हरवला तर फजिती,” दिग्दर्शकानं बजावलं होतं. पण हाताची सवय जाते थोडीच? पहिल्याच प्रयोगात तिनं गोळा प्रेक्षकांत भिरकावलाच. धागा ढिलाच राहिला. वादक तिच्याकडे बघत ताटकळले. गेला वाटतं खुर्च्यांखाली! तेवढ्यात बोटाला हिसका बसला. ती गायली. गाणं संपून दिवे लागले तेव्हा तिला दिसलं, गोळा हातोहात रांगेमागून रांग उलगडत मागे पोचला होता. शेवटच्या रांगेमागे दिग्दर्शक दुसरं टोक मुठीत गच्च धरून डोळे मिटून उभा होता.