मास्तरांचा पहिला धडा

ओपोकु फाटकातून आत शिरला तोवर त्या माणसानं पाण्याचा पहिला घोट घेतला होता. म्हणजे उशीर झाला होता. दारी आलेल्याला एकदा घरचं पाणी दिलं, की तो कशासाठी आला ते ऐकून घ्यावंच लागतं. तोवर त्याला ऊठ म्हणायची कुणाची छाती होत नाही, मग तो लबाड का असेना.

खरं तर फाटकाबाहेरच त्याची गचांडी धरायची, असं ठरवून ओपोकु ताकोराडीहून आला होता. धाकटी बहीण सेर्वा फोनवर रडली होती. आईनं रक्तदाबाच्या गोळ्या बंद केल्या होत्या आणि आठवड्यात दोनदा ती चक्कर येऊन पडली होती. कुणीतरी दारावर येतो, काळपट औषधाची बाटली देतो आणि बदल्यात ट्रंकेतलं एक चांगलं कापड घेऊन जातो. जन्मभर एकेक करून जमवलेली कापडं. "आणि तू म्हणे औषधाच्या कंपनीत साहेब," सेर्वा म्हणाली होती.

कंपनीत तो होता. दारोदार औषध विकायचं कसं, हे तो नव्या माणसांना शिकवायचा. पण असल्या बाटल्या विकणारे पन्नास असतात, अशी त्यानं वाटभर स्वतःची समजूत घातली होती.

"आलास?" आई म्हणाली. "बस. आधी पाहुण्याचं ऐकू, मग तुझं."

पाहुणा वळला. तो बाडू होता. दोन वर्षांपूर्वी ओपोकुच्या वर्गात पहिल्या बाकावर बसून सगळं वहीत उतरवून घेणारा. त्याच्या पायाशी पिशवी होती आणि तिच्यातून ओळखीच्या पिवळ्या लेबलाची बाटली डोकावत होती.

बाडूचे डोळे चमकले, पण ओळख त्यानं दाखवली नाही. मास्तर तपासणीला आलेत, असंच त्या भल्या माणसाला वाटलं असणार. त्यानं पाठ ताठ केली, उरलेलं पाणी एका दमात संपवलं आणि पेला दोन्ही हातांनी परत दिला. पाणी कधी अर्धं सोडायचं नाही, हेही ओपोकुचंच शिकवणं.

"घरी सगळं कुशल आहे, नाना," बाडू आईला म्हणाला, आजीच्या वयाच्या बाईला तिथं मानानं म्हणतात तसं. "वाईट बातमी घेऊन आलेलो नाही. तुमचे गुडघे कसे आहेत तेवढं बघायला आलो."

"गुडघे बरे आहेत रे. डोकं गरगरतं."

"मग औषध लागू पडतंय. गरगरतं म्हणजे जुनी घाण निघतेय. गोळ्या परत घेतल्या नाहीत ना? गोळ्या आणि हे औषध पोटात भांडतात, नाना. एकालाच राहू द्यायचं."

एक शब्द चुकला नाही. हे पोटातलं भांडण ओपोकुच्याच डोक्यातून निघालं होतं; गेल्या वर्षी त्याबद्दल त्याला बक्षीस म्हणून भिंतीवरचं घड्याळ मिळालं होतं. त्याचे कान तापले. बाडू बोलता बोलता मधूनच त्याच्याकडे बघत होता, शाबासकीच्या आशेनं.

आई ट्रंकेकडे जायला उठली आणि भिंतीला धरून उभी राहिली. तेवढ्यानंही तिला धाप लागली होती.

"आई, ते औषध फेकून दे," ओपोकु म्हणाला. "नुसती करपवलेली साखर आहे ती, वर लवंगेचं पाणी. गोळ्या आजपासून सुरू कर. माझ्यासमोर घे."

"तुला कसं ठाऊक?"

ओपोकु पिशवीतल्या बाटलीचं लेबल वाचू लागला. खोटं बोलायला एरवी त्याला क्षणभरसुद्धा लागत नसे.

बाडू मात्र घाबरून उभा राहिला. "मास्तर, माझं काही चुकलं का?"

"मास्तर?" आई म्हणाली.

"यांनीच शिकवलं मला, नाना. आमच्या सगळ्या तुकडीला. यांच्यासारखं शिकवणारं कुणी नाही," बाडू अजिजीनं म्हणाला. आपण मास्तरांची बाजू सावरतोय, असं त्याला वाटत होतं.

आई परत खाली बसली. मुलाकडे तिनं पाहिलं नाही. ओपोकुला वाटलं, तिनं शिव्या द्याव्यात, चप्पल काढावी. लाजेनं त्याला तिथं उभंही राहवेना आणि जाताही येईना.

"खरं आहे, आई," तो कसाबसा म्हणाला. "म्हणूनच मला ठाऊक आहे. गोळ्या घे."

"घेईन," ती म्हणाली. मग बाडूकडे वळून सहज चौकशी करावी तसं तिनं विचारलं, "पहिला धडा कुठला असतो रे याचा?"

बाडूनं मास्तरांकडे पाहिलं. मास्तर जमिनीकडे बघत होते. "म्हातारं माणूस एकटं दिसलं की औषधाचं नाव काढायचं नाही, नाना," तो हळूच म्हणाला. "कुठलं मूल घरी येत नाही, ते आधी विचारायचं."

"हो, विचारलं होतं यानं," आई ओपोकुला म्हणाली. "दुपारभर मी तुझंच सांगत बसले होते."