पैलवानाचं वजन

काटा पुन्हा वर गेला होता. खाली यायचं सोडून वर! तिने पैलवानाला उतरवलं आणि परत चढवलं. पैलवान म्हणजे म्हाताऱ्या शिंप्याच्या घरचा कुत्रा, नावाला जागणारा. त्याने खुशीत शेपूट हलवली. काटा तेवढ्यापुरता डुगडुगला आणि होता तिथेच येऊन थांबला.

जनावरांची डॉक्टर झाल्यावर तिने कुत्र्यामांजरांच्या आहाराचा वेगळा अभ्यासक्रम घेतला, तेव्हा घरचे पोट धरधरून हसले होते. ‘एवढं शिकून कुत्र्यांची पानं वाढणार का गं?’ मावशीने सगळ्यांदेखत विचारलं होतं. हसेनात का! एका घासाचं हाड होतं, केस होतात, डोळ्यांतली चमक होते, याचं तिला अजूनही नवल वाटायचं. आता शेवटची परीक्षा महिन्यावर आली होती. एक लठ्ठ कुत्रा, त्याच्याच घरात, घरच्यांच्याच हातून खाऊन हलका झालेला दाखवायचा. नाही दाखवला तर प्रमाणपत्र नाही, आणि ठरलेली नोकरीही नाही.

“वहिनी, खरं सांगा. याला चोरून कोण घालतं?”

“आईशप्पथ, मी नाही!” घरची सून कळवळून म्हणाली. “हे कायम फिरतीवर. घरात मी आणि बाबा, दोघंच. आणि बाबा तर हल्ली इतकं छान जेवतात! ताट अगदी चाटूनपुसून लख्ख.”

बाबा आपल्या खोलीत, शिलाई मशीनच्या शेजारी बसून जेवत. हात थकले होते, पण अंगातला सदरा अजूनही कसा बेतून शिवलेला!

ती पायरीवर बसली आणि तिने हिशेब मांडला. पैलवानाचं जेवढं वजन वाढलं, त्याला किती अन्न लागलं असेल? उत्तर आलं. तिचा विश्वास बसेना. पुन्हा मांडला, तेच उत्तर. हा चोरून टाकलेला तुकडा नव्हता. हे रोजचं, एका माणसाचं अख्खं जेवण होतं.

ती तशीच बाबांच्या खोलीत गेली. म्हातारा एक घास केव्हाचा चघळत होता. तो गिळता गिळेना. डोळ्यांत पाणी आलं, तसा त्याने घास मुठीत काढला आणि हात पलंगाखाली, पैलवानाच्या तोंडाशी नेला. ती दिसताच हात तिथेच थिजला.

ती जवळ बसली आणि कुत्र्याच्या बरगड्या चाचपाव्यात तसा तिने म्हाताऱ्याच्या कुशीवर हात ठेवला. बोटांना आधी शिवण लागली. तिच्या आत आणखी एक. तिच्याही आत आणखी. अंग आटत गेलं तसतसा म्हातारा सदरा आत घेऊन लहान करत गेला होता, आणि बाहेरून एक टाका दिसत नव्हता. शिवणींच्या खाली थेट हाडं. इतकं सुंदर काम तिने जन्मात पाहिलं नव्हतं, आणि इतकं भयंकरही. घरातल्या कुणाला दिसू न दिलेली ही उपासमार त्या मुक्या जनावराच्या अंगावर मात्र साठत गेली होती.

“घशाखाली उतरत नाही गं,” म्हातारा पुटपुटला. “सुनेला बोलू नकोस. ती माझ्यामागे इस्पितळात अडकली तर याला मापून कोण घालणार? तुझी परीक्षा बुडेल. आजपासून मी त्याला एक घास देत नाही. तो उतरेल, तू पास होशील. महिनाभर गप्प राहा, बास.”

खोटं कशाला सांगायचं, क्षणभर तिला ते पटलं. नोकरी डोळ्यांपुढे आली, मावशीही आली. मग तळहाताखाली त्या बरगड्या श्वासाबरोबर हलल्या.

“वहिनी!” तिने हाक मारली. “घराला कुलूप लावा. बाबांना घेऊन आत्ताच इस्पितळात जायचंय.”

सून धावत आली. तिने बाबांची मूठ पाहिली, सैल पडलेला चेहरा पाहिला आणि मुठीतला घास आपल्या हातात काढून घेतला. मग म्हणाली, “आणि पैलवान? तुमची परीक्षा?”

“राहू दे त्याला लठ्ठ,” ती म्हणाली. “या घरात खरं बोललाय तो एकटाच.”